चेंडू येण्याआधी मॉड्रिच काय करतो

२०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार भरली. क्रोएशिया या अख्ख्या देशाची २०२१ची शिरगणती ३८ लाख ७१ हजार. म्हणजे अथणीपासून खानापूरपर्यंत जेवढी माणसं राहतात, त्याहून नऊ लाखांनी लहान असलेला देश २०१८ साली फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि २०२२ साली पुन्हा तिसरा आला. दोन्ही वेळा कप्तान एकच. पाठीवर १० नंबर, उंची १७२ सेंटिमीटर, अंगानं काडी. लुका मॉड्रिच.

त्याचे आकडे पहिल्यांदा बघणाऱ्याचा गोंधळ होतो. स्पेनमधल्या रिअल माद्रिद या क्लबकडून ५९७ सामने, त्यात गोल ४३. सरासरी चौदा सामन्यांमागे एक. देशासाठी १८०हून जास्त सामने आणि गोल तीसच्या आसपास. आपल्याकडं शाळांच्या स्पर्धा असोत की गल्लीतल्या मंडळांच्या, सामना संपला की पहिला प्रश्न एकच, 'गोल कुणी मारला?' त्या हिशेबानं हा माणूस कुठंच बसत नाही. तरी २०१८चा बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्यालाच मिळाला. त्याआधी सलग दहा वर्षं मेस्सी आणि रोनाल्डो यांच्याशिवाय कुणाचा त्याला हात लागला नव्हता. हे कोडं सोडवायचं तर आधी मधल्या फळीचं काम समजून घ्यावं लागतं.

मैदानावर बॅक उभा असतो तेव्हा सगळा खेळ त्याच्या समोर असतो. मान वळवायची गरज कमीच. विंगला एका अंगाला चुन्याची रेघ असते, तिकडून कुणी अंगावर येणार नाही याची खात्री असते. फॉरवर्डला पाठीवर माणूस असतो, पण तो कुठं आहे हे त्याला अंगाला लागून कळत असतं. मधल्या माणसाला यातलं काहीच नाही. त्याच्यावर चारी बाजूंनी माणूस येतो, आणि चेंडू बहुतेक वेळा अशा दिशेनं येतो की ज्या गोलाकडं जायचं तो त्याच्या पाठीमागं असतो. जमिनीवरून मारलेला १५ मीटरचा खणखणीत पास पोचायला साधारण एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्यात चेंडू अडवायचा, वळायचं, बघायचं आणि ठरवायचं, हे सगळं एकापाठोपाठ एक करू म्हटलं तर वेळ पुरत नाही. म्हणून बघणं आणि ठरवणं ही दोन कामं चेंडू येण्याआधीच उरकावी लागतात. मॉड्रिचची सगळी कारकीर्द या एका गोष्टीभोवती फिरते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याच्या खेळाची चित्रफीत थांबवून थांबवून बघा. साथीदाराच्या पायात चेंडू आहे, अजून पास निघालेला नाही, आणि मॉड्रिचची हनुवटी आधी एका खांद्यावर गेलेली असते, मग दुसऱ्या. पास निघतो तोवर तो तिरका झालेला असतो. दोन्ही पाय पास देणाऱ्याकडं नाहीत. एक खांदा पास देणाऱ्याकडं, दुसरा समोरच्या गोलाकडं. चेंडू तो जवळच्या पायानं घेत नाही, तो स्वतःच्या अंगासमोरून जाऊ देतो आणि लांबच्या पायानं घेतो. त्यामुळं पहिला टच आणि वळणं या दोन क्रिया एकच होऊन जातात. अंगावर धावून आलेला माणूस चेंडू जिथं होता तिथं पोचतो, तोवर चेंडू दोन मीटर पुढं.

ताकद नसलेल्याला हे शिकावंच लागतं. सहा फुटी हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, पाठीवर माणूस घेऊन उभा राहू शकतो, धक्का सोसून मग विचार करू शकतो. बारक्या अंगाच्या पोराला धक्का लागायच्या आतच तिथून सुटायचं असतं.

झादरपासून माद्रिदपर्यंत

जन्म ९ सप्टेंबर १९८५, क्रोएशियातल्या झादर या समुद्रकाठच्या शहरात. घर मात्र वेलेबित डोंगराच्या पायथ्याशी, मॉड्रिची नावाच्या वाडीवर. आईवडील कामाला गेले की पोर आजोबांकडं. आजोबांचं नावही लुकाच. डिसेंबर १९९१ मध्ये, युगोस्लाव्हिया फुटून युद्ध पेटलं तेव्हा, सर्ब बंडखोरांनी आजोबांना घराजवळच ठार केलं. नातू सहा वर्षांचा. पुढची कित्येक वर्षं कुटुंबानं झादरमधल्या हॉटेलांत निर्वासित म्हणून काढली. तिथल्या गाड्या लावायच्या जागेत तो चेंडू खेळायचा.

हायदुक स्प्लिट हा त्या किनाऱ्यावरचा मोठा क्लब. त्यांनी चाचणी घेऊन त्याला परत पाठवलं, पोर फार लहानखुरं आहे म्हणून. झादरच्या युवा संघाचे प्रमुख तोमिस्लाव बाशिच यांनी मात्र त्याला सोडलं नाही. पुढं सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याला दिनामो झाग्रेबमध्ये घालण्यातही त्यांचाच हात होता.

दिनामोनं त्याला लगेच मुख्य संघात घेतलं नाही. २००३ साली, अठराव्या वर्षी, त्याला उसना म्हणून बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तार या क्लबकडं धाडलं. तिथली मैदानं खडबडीत, बॅक आडदांड, पायावर मारायला मागंपुढं न बघणारे. बोस्नियाच्या लीगमध्ये जो टिकला तो कुठंही खेळू शकतो, अशा अर्थाचं त्यानं नंतर स्वतःच सांगितलं आहे. एका मोसमातच तो तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग आणखी एक उसनवारी, इंटर झाप्रेशिचकडं, आणि मग दिनामोच्या मुख्य संघात. २००६, २००७, २००८ अशी ओळीनं तीन वर्षं दिनामो देशाचा विजेता.

राष्ट्रीय संघातला पहिला सामना १ मार्च २००६ला, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथं, अर्जेंटिनाशी. क्रोएशिया ३-२नं जिंकला. त्याच सामन्यात मेस्सीनं अर्जेंटिनासाठी आपला पहिला गोल मारला होता.

२००८ साली टॉटनहॅम, हा लंडनचा क्लब. इंग्लंडमध्ये सुरुवात वाईट झाली. पहिल्या आठ सामन्यांत संघाचे दोनच गुण, आणि हा पोरगा इंग्लिश फुटबॉलला पुरा पडणार नाही अशी टीका. ऑक्टोबरमध्ये हॅरी रेडनॅप प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली मॉड्रिच हळूहळू मागं, मैदानाच्या मध्यावर आला. तिथं चेंडू जास्त वेळा मिळतो आणि खेळ समोर दिसतो. ऑगस्ट २००९ मध्ये उजव्या पायाचं नडगीशेजारचं बारीक हाड मोडलं, तरी त्या मोसमात टॉटनहॅम चौथा आला आणि पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

२०१२च्या ऑगस्टमध्ये रिअल माद्रिद. डिसेंबरात तिथल्या एका मोठ्या क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला मोसमातली सर्वात वाईट खरेदी ठरवलं. संघ प्रतिहल्ल्याच्या, लांब पासच्या खेळावर उभा होता, आणि हा माणूस चेंडू पायात ठेवून दिशा बदलणारा. मेळ बसायला वेळ लागला. ५ मार्च २०१३ला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर माद्रिद एका गोलनं मागं असताना तो बदली म्हणून आत आला आणि लांबून मारलेल्या फटक्यानं बरोबरी साधून दिली. तिथून वारं फिरलं. पुढच्या वर्षी, २४ मे २०१४ला लिस्बनमध्ये, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याच्या ९३व्या मिनिटाला माद्रिदच्या रामोसनं डोक्यानं मारलेला बरोबरीचा गोल सगळ्यांना आठवतो. तो कॉर्नर घेणारा मॉड्रिच होता.

पुढं २०१६, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४. एकूण सहा वेळा चॅम्पियन्स लीग. त्यातल्या बऱ्याच वर्षांत मधल्या फळीत तिघे ठरलेले असायचे. कासेमिरो मागं राहून चेंडू हिसकावणार, क्रूस डावीकडून लांब पास देणार, आणि मॉड्रिच उजवीकडून दोन्ही फळ्यांना जोडणार. कासेमिरो पाठीशी नसता तर मॉड्रिचला एवढं वर जायची मोकळीक मिळाली नसती. हीच गोष्ट २०१८ला देशाच्या संघात पुन्हा दिसली.

रशियातला महिना

झ्लात्को दालिच यांनी क्रोएशियाचा संघ ऑक्टोबर २०१७ मध्ये हातात घेतला. विश्वचषकातला पहिला सामना नायजेरियाशी. त्यात मॉड्रिच आणि रॅकिटिच हे दोघे बॅकच्या पुढ्यात, आणि त्यांच्याही पुढं क्रामारिच. २-० असा विजय मिळाला, पण अडचण दिसलीच. मॉड्रिचला चेंडू आपल्याच गोलाजवळ घ्यावा लागत होता. तिथून समोरचा गोल ७०-८० मीटर लांब. कितीही चांगला पास दिला तरी मधे दोन फळ्या उरायच्या.

अर्जेंटिनाविरुद्ध दालिच यांनी ब्रोझोविचला आणलं आणि त्याला एकट्याला बॅकच्या पुढ्यात ठेवलं. एवढ्या एका बदलानं मॉड्रिच आणि रॅकिटिच दोघंही वर सरकले. तो सामना ३-० सुटला, आणि त्यातला दुसरा गोल मॉड्रिचनं पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून मारला. रशियाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सुरुवात पुन्हा ब्रोझोविचशिवाय झाली, खेळ अडला, आणि दुसऱ्या सत्रात त्याला आत घेतल्यावर मॉड्रिच पुन्हा मोकळा झाला. मधल्या फळीतला 'दहा नंबर' चमकत नसेल तर दोष बहुतेक वेळा त्याच्यामागं कोण उभं आहे यात असतो, हे या दोन सामन्यांइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. आपल्याकडचे संघ बघताना हे जरूर तपासावं. चांगल्या हाफला मागं राबवून घ्यायचं आणि वर 'पुढं का दिसत नाही' म्हणून ओरडायचं, हे फार होतं.

उपांत्य सामना इंग्लंडशी, ११ जुलैला. आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा. पाचव्याच मिनिटाला ट्रिपिअरच्या फ्री किकनं इंग्लंड पुढं. ६८व्या मिनिटाला व्रसाल्कोच्या क्रॉसवर पेरिसिचची बरोबरी, आणि जादा वेळेत १०९व्या मिनिटाला पेरिसिचनं डोक्यानं दिलेल्या चेंडूवर मांजुकिचचा गोल. या दोन्ही गोलांत मॉड्रिचचं नाव नाही. पण दुसऱ्या सत्रात चेंडू इंग्लंडच्या अंगणातच राहू लागला, तो का? इंग्लंडच्या मधल्या फळीत मागं हेंडरसन एकटा. त्याच्या एका बाजूला मॉड्रिच, दुसऱ्या बाजूला रॅकिटिच. हेंडरसन एकाकडं गेला की दुसरा मोकळा, आणि मोकळ्याकडून चेंडू थेट कडेच्या माणसाला. मॉड्रिच ११९व्या मिनिटाला बाहेर गेला तो पाय संपल्यावरच. डेन्मार्क, रशिया, इंग्लंड, लागोपाठ तिन्ही सामने जादा वेळेत गेले होते. तीस-तीस मिनिटांचे तीन तुकडे, म्हणजे फ्रान्सपेक्षा एक पूर्ण सामना जास्त अंगावर घेऊन हा संघ अंतिम फेरीत उतरला. तिथं ४-२नं हरला. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मात्र मॉड्रिचला मिळाला.

पेनल्टीबद्दल इथंच सांगायला हवं. २००८च्या युरो स्पर्धेत तुर्कस्तानविरुद्ध टायब्रेकरमध्ये त्याची पेनल्टी बाहेर गेली होती आणि संघ घरी परतला होता. दहा वर्षांनी डेन्मार्कविरुद्ध ११६व्या मिनिटाला त्यानं रेबिचला असा पास सोडला की रेबिच गोलीला चकवून पुढं निघाला आणि त्याला पाडावं लागलं. पेनल्टी मिळाली, मॉड्रिचनं मारली, डेन्मार्कचा गोली श्मायकेलनं अडवली. काही मिनिटांनी टायब्रेकर सुरू झाला. तिसरी पेनल्टी घ्यायला पुन्हा तोच चालत आला. यावेळी चेंडू मधोमध, बाजूला झेपावलेल्या श्मायकेलच्या पायांजवळून आत गेला. क्रोएशिया टायब्रेकरमध्ये ३-२नं पुढं सरकला.

बाहेरच्या बाजूचा पास

१२ एप्रिल २०२२, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, माद्रिदमध्ये चेल्सीविरुद्धचा दुसरा सामना. पहिला सामना माद्रिदनं ३-१ जिंकलेला, पण घरच्या मैदानावर ८० मिनिटं होत आली आणि ०-३. दोन्ही सामने मिळून एका गोलनं मागं. चेंडू डाव्या अंगाला मॉड्रिचच्या उजव्या पायात. समोर बॅकची रांग, आणि लांबच्या बाजूनं रॉड्रिगो पळत आत शिरतोय. मॉड्रिचनं पायाच्या बाहेरच्या कडेनं चेंडू उचलला. तो बॅकच्या डोक्यावरून वळत गेला आणि रॉड्रिगोनं खाली टप्पा पडू न देता आत मारला. माद्रिद जादा वेळेत दोन्ही सामन्यांच्या बेरजेनं ५-४नं पुढं गेला.

हा पास केवळ देखणा म्हणून मारलेला नाही, त्यात हिशेब आहे. उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं मारलं तर चेंडू डावीकडं वळतो, म्हणजे या जागेवरून गोलीच्या बाजूला. उजवीकडं वळवायचा तर डावा पाय हवा, आणि त्यासाठी चेंडू डाव्या पायावर घ्यायला आणखी एक टच. तेवढ्यात रॉड्रिगो ऑफसाइड होतो किंवा रस्ता बंद होतो. बाहेरच्या कडेनं मारताना तो जादा टच वाचतो, आणि कंबर उघडावी लागत नसल्यामुळं समोरच्याला पास कुठं जाणार याचा सुगावाही उशिरा लागतो.

शिकायचा असेल तर असा. उजवा पाय धरून सांगतो. डावा पाय चेंडूच्या थोडा मागं आणि नेहमीपेक्षा अर्धा फूट बाजूला रोवायचा. उजव्या पायाची बोटं खाली आणि आत वळवायची, घोटा घट्ट. चेंडूच्या डाव्या अर्ध्या भागावर करंगळीच्या मुळाशी असलेल्या हाडानं फटका. पाय चेंडूच्या मागून तिरका, उजवीकडून डावीकडं निघून गेला पाहिजे. घोटा सैल राहिला तर चेंडू फिरत नाही, नुसता बाजूला घसरतो. अंग मागं झुकलं तर चेंडू आभाळात. डावा पाय फार जवळ रोवला तर उजवा त्याच्यावरच आपटतो. आधी ८-१० मीटरवर जमिनीवरून, वळण दिसायला लागल्यावरच अंतर वाढवायचं. बारा वर्षांखालच्या मुलांना ४ नंबरचा चेंडू द्यावा. ५ नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, आणि पावसात भिजलेला त्याहून जड. लहान घोट्यावर त्याचा ताण येतो.

तांबड्या मातीवर

आपल्या भागात मॉड्रिचसारखा हाफ तयार व्हायला पहिली आडकाठी पावसाची आहे. जून ते सप्टेंबर तांबडी माती चिखल होते, जमिनीवरून दिलेला पास डबक्यात थांबतो. मग संघ उचलून मारायला लागतात, चेंडू मधल्या फळीच्या डोक्यावरून जातो, आणि निवडीत उंच, धिप्पाड मुलं आधी उचलली जातात. यात प्रशिक्षकांची चूक आहे असं नाही, त्या मैदानावर तोच खेळ चालतो. पण त्याच मोसमावरून बारक्या पोराला कायमचं बाहेर बसवणं चूक आहे. त्याचं मोजमाप ऑक्टोबरनंतर, कोरड्या मैदानावर किंवा टर्फवर करावं.

चेंडू येण्याआधी बघायची सवय लावायला तीन मुलं आणि एक चेंडू पुरतो. तिघं एका रेषेत, मधल्यापासून दोन्ही बाजूंना १२-१२ मीटर. एक टोकाचा पास देणार. दुसऱ्या टोकाचा, म्हणजे मधल्याच्या पाठीमागचा, हाताची काही बोटं वर धरणार. चेंडू पायाला लागायच्या आत मधल्यानं आकडा मोठ्यानं सांगायचा, मग वळून पाठीमागच्याला पास. दहा चेंडू झाले की जागा बदलायच्या, प्रत्येकाच्या तीन पाळ्या. दोन आठवड्यांनी बोटं बंद. आता पाठीमागचा कधी धावून येईल, कधी जागेवर राहील. आला तर एका टचमध्ये परत, नाही आला तर वळायचं. मैदानावर 'मागं हाय!' नाही तर कन्नडमध्ये 'हिंदे!' असा आवाज द्यायची आपली पद्धत आहे. या सरावात मात्र कुणी आवाज द्यायचा नाही, नाहीतर मान वळतच नाही.

सर्वात जास्त चुकतं ते बघण्याच्या वेळेत. पास निघाल्यावर मागं बघितलं की पहिला टच सुटतो. फार आधी बघितलं तर चित्र शिळं होतं, तोवर माणूस सरकलेला असतो. योग्य क्षण म्हणजे पास देणारा मान खाली घालून स्वतःच्या चेंडूकडं बघतो तो. त्यावेळी चेंडू सुटणार नसतो, म्हणून डोळे काढायला हरकत नाही. दुसरी चूक पास देणाऱ्याची. तो मधल्याच्या जवळच्या पायावर देतो, आणि मग कितीही तिरकं उभं राहिलं तरी वळता येत नाही. पास लांबच्या पायावरच हवा.

मॉड्रिच २०२५च्या उन्हाळ्यात माद्रिद सोडून एसी मिलानला गेला, सप्टेंबरात चाळिशी पूर्ण केली. त्याच्याआधी वर्षभर, २४ जून २०२४ला, इटलीविरुद्ध त्याची पेनल्टी गोली डोनारुम्मानं अडवली आणि मिनिटभराच्या आत त्यानंच गोल मारला. युरो स्पर्धेत गोल मारणारा तो सर्वात वयस्क खेळाडू ठरला. त्याचा एखादा जुना सामना पूर्ण मिळाला तर सोबत मुलांना बसवा आणि पहिली दहा मिनिटं चेंडूकडं बघूच नका. फक्त त्याच्याकडं बघा, आणि तो किती वेळा मान वळवतो ते पोरांना बोटांवर मोजू द्या. दोन्ही हातांची बोटं संपायला फार वेळ लागत नाही.